इंजिनिअरिंग सोडून मुलाला जुनी लाकडी कोठारे दुरुस्त करायची आहेत

(ओहायो राज्यातील कोलंबस येथून एका आईने विचारले आहे: अमेरिकेतच जन्मलेला मुलगा यंदा हायस्कूल संपवत आहे. त्याला सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. पण गेल्या उन्हाळ्यात जुनी बार्न (शेतावरची लाकडी कोठारे) आणि लॉग केबिन (ओंडक्यांची घरे) दुरुस्त करणाऱ्या एका चमूबरोबर काम केल्यापासून तो हाच व्यवसाय करीन म्हणतो. वडिलांचा विरोध आहे. या कामात पुढे काय आहे?)

सप्रेम नमस्कार.

चिरंजीवांचे वडील म्हणतात, “सुतारकीच करायची होती तर सांगलीहून इतक्या लांब कशाला आलो?” त्यांचा राग मी समजू शकतो, जरी आपल्या पांढरपेशा घरांत हाताच्या कामाकडे पाहण्याची जी नजर आहे, तिचाही त्यात काही वाटा असावा. पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे, म्हणून तो आधी घेऊ. अमेरिकी सरकारच्या 2023 च्या आकडेवारीनुसार सुतारांचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे 56 हजार डॉलर होते, तर सिव्हिल इंजिनिअरचे सुमारे 96 हजार. जुन्या इमारतींचे कसबी कारागीर सर्वसाधारण सुतारापेक्षा अधिक दर लावू शकतात, परंतु बहुतेक जण चार-पाच माणसांच्या छोट्या संस्थांत किंवा स्वतंत्रपणे काम करतात. त्यामुळे हिवाळ्यात काम मंदावते आणि आरोग्यविमा व निवृत्तीची तरतूद अनेकदा स्वतःच करावी लागते. हा फरक मान्य करूनच निर्णय घ्यावा.

कामाची चणचण भासेल, असे मात्र मला वाटत नाही. 2007 च्या कृषिगणनेत साडेसहा लाखांहून अधिक शेतांनी 1960 पूर्वीचे बार्न आपल्याकडे असल्याचे नोंदवले होते. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील इमारत उत्पन्नासाठी वापरात असेल आणि तिची दुरुस्ती ठरलेल्या निकषांनुसार झाली असेल, तर मालकाला खर्चाच्या 20 टक्के इतकी केंद्रीय करसवलत मिळू शकते. स्वतः राहत्या घराला ती लागू नाही. ग्राहकाला हे समजावून सांगू शकणारा कारागीर कामे मिळवण्यात पुढे राहतो, म्हणून चिरंजीवांनी हे नियम हत्यारांइतक्याच गांभीर्याने शिकावेत.

आता या व्यवसायाच्या गाभ्याविषयी. नवे घर बांधणारा उत्तम सुतार जुन्या केबिनचा उत्तम दुरुस्तीकार असेलच, असे नाही. ओंडक्यांच्या घरात बहुधा सर्वांत आधी जमिनीलगतचा तळाचा ओंडका कुजतो. तो बदलायचा तर वरची भिंत जॅक आणि लाकडी ठोकळ्यांच्या आधारे तसूतसूने उचलावी लागते आणि कोपऱ्यांतील सांधे न फाटता परत जागेवर बसवावे लागतात. दोन ओंडक्यांमधील फटी पूर्वी माती किंवा चुन्याच्या मसाल्याने भरत असत. पुढे कोणीतरी तेथे कडक सिमेंट भरते, लाकूड ऋतुमानानुसार फुगते आणि आकसते, कडेला भेग पडते, तिच्यातून शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि शंभर-दीडशे वर्षे टिकलेले लाकूड थोड्याच वर्षांत आतून पोकळ होते. ओंडका किती बदलायचा, कुजका भाग कापून तेवढ्याच मापाचा तुकडा कोठे बसवायचा आणि कशाला हातच लावायचा नाही, हे ठरवता येणे हेच या कारागिराचे खरे भांडवल आहे.

दुरुस्तीसाठी मूळच्याच जातीचे लाकूड मिळवणे हेही कठीण असते. ॲपलेशियन डोंगराळ भागातील अनेक केबिन अमेरिकन चेस्टनटच्या आहेत, आणि 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या बुरशीने पुढील काही दशकांत हे वृक्ष जवळजवळ नाहीसे केले. त्यामुळे जुन्या चेस्टनटला मोठी किंमत येते, आणि येथेच मला चिरंजीवांना एक प्रश्न विचारावासा वाटतो: ज्या चमूबरोबर त्यांनी काम केले, तो बार्न दुरुस्त करतो की उतरवून त्याच्या फळ्या व तुळया उपाहारगृहांच्या सजावटीसाठी विकतो? दोन्ही कामे करणारे पुष्कळ आहेत आणि कोसळायला आलेल्या बार्नचे लाकूड वाचवण्यात गैरही काही नाही. परंतु ज्याचे मुख्य उत्पन्न मोडण्यातून येते, त्याच्या हाताखाली दुरुस्ती शिकायला मिळणे कठीण आहे.

शिक्षणासाठी लांब जाण्याची गरज नाही. आपल्याच राज्यात सेंट क्लेअर्सव्हिल येथील बेलमाँट कॉलेजात इमारत-संवर्धनाचा सहपदवी (असोसिएट डिग्री) अभ्यासक्रम आहे आणि राज्यातील रहिवासी असल्याने तो तुलनेने स्वस्त पडेल. बॉस्टनच्या नॉर्थ बेनेट स्ट्रीट स्कूलमध्ये संवर्धन-सुतारकामाचा दोन वर्षांचा वर्ग आहे. साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टनच्या अमेरिकन कॉलेज ऑफ द बिल्डिंग आर्ट्समध्ये लाकडी सांगाड्याच्या कामासह चार वर्षांची पदवी मिळते, आणि ‘पदवी हवीच’ हा वडिलांचा आग्रह असेल तर हा मधला मार्ग विचारात घ्यावा. मेरिलँडमधील फ्रेडरिक येथे राष्ट्रीय उद्यान सेवेचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथील सशुल्क नव्हे, तर वेतन देणाऱ्या जागांचे अर्ज कधी निघतात यावर लक्ष ठेवावे. विद्यापीठांतील ऐतिहासिक संवर्धनाच्या पदव्युत्तर पदव्या मात्र प्रामुख्याने नियोजन, संशोधन आणि अहवालांच्या कामाकडे नेतात; चिरंजीवांना हाताने काम करायचे असेल, तर नावावरून गल्लत होऊ देऊ नये.

माझे मत असे, की विद्यापीठातील प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का ते लेखी विचारावे आणि ते वर्ष चिरंजीवांनी पगारी मदतनीस म्हणून पूर्ण काढावे, विशेषतः हिवाळा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळीच कामे आवडतात. वर्षअखेरीस ओढ कायम असेल तर बेलमाँट. नसेल तर इंजिनिअरिंगची जागा शाबूत राहील, आणि जुन्या लाकडी बांधकामाची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरलाही या क्षेत्रात काम आहे.

आरोग्याबाबत हयगय नको. ओहायो खोऱ्यातील जुन्या बार्नमध्ये पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, आणि जुन्या रंगांत शिसे असते. योग्य मुखवटा न देणाऱ्या मालकाकडे एक दिवसही काम करू देऊ नये.

सेंट क्लेअर्सव्हिल आपल्याकडून महामार्ग 70 ने पूर्वेला साधारण दोन तासांवर आहे. वर्ग चालू असतील अशा दिवशी तिघांनी मिळून जावे, आणि मागील तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे व किती वेतनावर काम करतात, हा प्रश्न तेथे वडिलांनीच विचारावा.