सात आसनी गाडी : आधी तिसरी रांग पाहा

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. वृद्ध आई-वडिलांसह सहा जणांसाठी सात आसनी एसयूव्ही बुक करण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर : शोरूममध्ये घरातील सर्वांत उंच व्यक्तीला तिसऱ्या रांगेत बसवून गुडघे छातीशी येतात का ते पाहावे, सातही आसने उभी असताना मागे सामानाला जेमतेम जागा उरते, हे विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. मधल्या रांगेत स्वतंत्र ‘कॅप्टन’ आसने असल्यास मागे जाण्यास वाट मिळते, मात्र बऱ्याच गाड्यांत एक जागा घटते. आई-वडिलांना चढून-उतरून पाहू द्यावे. बुकिंगच्या पावतीवर व्हेरिएंट, रंग आणि परताव्याची अट लिहून घ्यावी. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नसते. आरटीओ नोंदणीपूर्वी चासी क्रमांक आणि उत्पादनाचा महिना स्वतः पडताळावा.