क्लासमध्ये ३४, घरी २६

पत्र : "मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीने अमळनेरला जाते. जूनपासून तिथेच इंग्रजी टायपिंगचा क्लास लावला आहे. दोन महिन्यांत मिनिटाला ६० शब्दांचा वेग यावा अशी माझी अपेक्षा होती. क्लासचे सर ३४ सांगतात, पण रात्री मी स्वतः मोबाइलवर वेळ लावून शेजारी बसतो तेव्हा ती २६ च्या वर जात नाही. मग सर खोटं बोलतात का? मी तिला सांगतो, जोरात मार, बोटं उचलून मार. आता मनगट दुखतं म्हणते, मला तो बहाणा वाटतो. तिला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचं आहे, पण त्यात पुढे काय? १९९३ साली मी ४० च्या परीक्षेत थोडक्यात राहिलो, नाहीतर आज पंचायत समितीत असतो. वेग वाढवण्याचा खात्रीचा उपाय सांगा." — एक पालक, पारोळा तालुका

नमस्कार भाऊ,

सर खोटं बोलत नाहीत. मुलगीही बहाणा करत नाही. ३४ आणि २६ मध्ये जे आठ शब्द हरवतात, ते तुम्ही शेजारी येऊन बसल्यामुळे हरवतात.

हे तुम्हाला लागेल, तरी लिहिते आहे. टायपिंग करताना नजर कागदावर राहावी लागते आणि बोटांनी आपापली जागा न बघता शोधावी लागते. माणूस घाबरला की पहिली नजर सुटते. ती कीबोर्डवर जाते, तिथून पडद्यावर, चूक दिसली की बोट बॅकस्पेसवर, मग पुन्हा कागदावर ओळ शोधायची. तुमच्या मुलीच्या बाबतीत नजर आणखी एका ठिकाणी जात असणार, तुमच्या हातातल्या मोबाइलवर. दिवसभर कॉलेज, एसटीचा प्रवास, क्लास आणि रात्री जेवणानंतर वडिलांसमोर परीक्षा. दोन महिने रोज. एवढं होऊनही ती २६ वर टिकून आहे, याचं मला कौतुक वाटतं.

आता १९९३ बद्दल. पत्रात ती गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे, पण मला सगळं पत्र तिथूनच लिहिल्यासारखं वाटलं. थोडक्यात राहिलेली नोकरी माणसाला आयुष्यभर टोचते. त्यातून आपल्याकडची कोरडवाहू शेती, कापसाचा भाव दिवाळीला एक आणि संक्रांतीला दुसरा. पोरीला महिन्याच्या महिन्याला पगार मिळावा असं तुम्हाला वाटतं, त्यात काहीही चूक नाही. चूक एवढीच, की तुमची राहिलेली परीक्षा ती देते आहे, आणि तीही तुमच्या मशीनच्या नियमांनी.

'जोरात मार' हा तुमचा सल्ला टाइपरायटरचा आहे. तिथे कळ दाबली की लोखंडी दांडा उसळून शाईच्या रिबनवर आदळायचा, हात हलका पडला की अक्षर फिकं उठायचं. मी स्वतः त्या यंत्रावर शिकले, करंगळीने 'ए' उठवताना हात भरून यायचा. संगणकाच्या कीबोर्डला असली ताकद लागत नाही. कळ हलकेच दबली की अक्षर आलं. त्यावर जोर लावला तर वेग घटतो आणि सगळा मार मनगटावर येतो. तेव्हा दुखणं खरं आहे. आठ दिवस घरचा सराव पूर्ण बंद ठेवा, पलंगावर मांडी घालून लॅपटॉपवर टायपिंग होत असेल तर तेही. नंतर टेबल-खुर्ची अशी हवी की कोपर टेबलाच्या उंचीला येईल आणि मनगट वाकणार नाही. आठ दिवसांनीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

आणि हा ६० चा आकडा कुठून आला? जितका वेग जास्त तितकी नोकरी पक्की, हा समज मला दर आठवड्याला भेटतो, आणि तो चुकीचा आहे. एमपीएससीच्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० लागतं. 'किंवा' आहे, हे बरेच पालक वाचतच नाहीत. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या बारावीवरच्या परीक्षेत लिपिकाला इंग्रजी ३५, म्हणजे तासाला साधारण १०,५०० कळा. पदवीवरच्या परीक्षेत १५ मिनिटांत २,००० कळा. पाच कळांचा एक शब्द धरला तर हा वेग मिनिटाला सत्तावीसच्या आसपास येतो! या चाचण्या पात्रतेपुरत्या असतात. उंबरठा ओलांडला की झालं, ६० वाल्याला ४० वाल्यापेक्षा एकही गुण जास्त मिळत नाही, निवड लेखी परीक्षेच्या गुणांवर होते. हिशोब करून बघा : ४० चा वेग म्हणजे सेकंदाला तीन कळांच्या थोडं वर. एवढी चपळाई कोणाच्याही बोटांत असते. वेळ जातो तो कळ शोधण्यात आणि चुका पुसण्यात. २०१८ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी १ लाख ६८ हजार लोकांचं टायपिंग तपासलं, तेव्हा सरासरी वेग ५२ निघाला, आणि जे वेगवान होते त्यांच्या चुका कमी होत्या. दोन महिन्यांच्या विद्यार्थिनीकडून तुम्ही या सरासरीच्याही पुढची मागणी करता आहात.

मनगट बरं झाल्यावरचा उपाय असा. दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं, एकटीने. 'एफ' आणि 'जे' या कळांवर बारीक उंचवटा असतो, तर्जन्या तिथे टेकवायच्या आणि खाली बघायचं नाही. वेग मुद्दाम इतका कमी ठेवायचा की चूक होणार नाही, आणि बॅकस्पेसला हात लावायचा नाही. कोणती अक्षरं पुन्हा पुन्हा चुकतात ते वहीत लिहून दुसऱ्या दिवशी त्याच अक्षरांचे शब्द घ्यायचे. वेळ लावायची ती आठवड्यातून एकदा, तीही तिने स्वतः. ३४ वरून ४० ला जायला तिला एवढं पुरेल. शासकीय संगणक टंकलेखन प्रमाणपत्राची परीक्षा होईपर्यंत क्लास चालू ठेवा, ते प्रमाणपत्र कामाला येतं.

पण टायपिंग हे प्रमाणपत्रापुरतंच ठेवा. मला जास्त बोलायचं आहे ते तुमच्या "त्यात पुढे काय?" या प्रश्नावर. पोरीने स्वतःहून एक विषय निवडला आणि तुम्ही तो एका वाक्यात निकालात काढला. संख्याशास्त्र घेऊन पदवी झालेल्यांसाठी यूपीएससी भारतीय सांख्यिकी सेवेची स्वतंत्र परीक्षा घेते. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीवरच्या परीक्षेत कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पद असतं. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात संशोधन सहायक, सांख्यिकी सहायक, अन्वेषक अशी पदं आहेत. बँका, विमा, औषध कंपन्या वेगळ्याच. तुम्हाला सरकारी नोकरीच हवी आहे ना? मग तिचा विषय लिपिकाच्या खुर्चीपेक्षा वरच्या खुर्चीकडे जातो, आणि तुम्ही तिला रात्री तासभर खालच्या खुर्चीसाठी ओढता आहात. एम.एस्सी.ला पुण्याला पाठवायची धास्ती असेल तर तीही नको. जळगावला आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. एखाद्या कामाच्या दिवशी तिला घेऊन जा, प्राध्यापकांना भेटा, मागची मुलं कुठे लागली ते विचारा. त्या भेटीत प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही फक्त ऐका.

आणि आज रात्रीपासून तो मोबाइल बाजूला ठेवा. १९९३ ची गोष्ट तिला कधी नीट सांगितली आहे का? किती शब्दांनी राहिलो, निकाल लागला त्या दिवशी घरी काय झालं, त्यानंतर किती दिवस झोप लागली नाही. नसेल सांगितली, तर सांगा. शेजारी बसायचं असेल तर त्यासाठी बसा.

तिच्या गुणपत्रिका, तिला विचारून, मला पाठवा. विद्यापीठात जाऊन आलात की पुढचं पत्र तिला लिहू द्या.