मॅडमनी खोडलेली विशेषणं

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, कलेच्या इतिहासाच्या वर्गासाठी एका चित्रावर लिहिलेल्या निबंधाच्या पानांचे फोटोही पाहिले. ‘सुंदर’, ‘गूढ’, ‘भावपूर्ण’ अशा प्रत्येक शब्दावर मॅडमनी लाल रेघ ओढलीय आणि समासात एवढंच विचारलंय, ‘कुठे दिसलं?’ तू वैतागला आहेस, ते साहजिक आहे. पण खरं सांगू? तुझं नशीब चांगलं आहे. गुण कापून पेपर परत करणारे पैशाला पासरी भेटतात. समासात प्रश्न लिहिण्याची तसदी घेणारे क्वचितच.

चित्र तुला गूढ वाटलं, यावर त्यांचं काहीच म्हणणं नाही. ते कशामुळे वाटलं, एवढंच त्या विचारतायत. अर्धा चेहरा सावलीत आहे म्हणून? नजर कुणाकडे आहे याचा पत्ता लागत नाही म्हणून? मागचं दार उघडं आहे, पण पलीकडे नुसता काळा रंग आहे म्हणून? यातलं एखादं वाक्य जरी लिहिलं असतंस, तरी ‘गूढ’ हा शब्द लाल रेघेतून कदाचित सुटला असता.

एकाच चित्रावर अख्खा तास काढतात, ही तुझी दुसरी तक्रार. हार्वर्ड विद्यापीठात जेनिफर रॉबर्ट्स नावाच्या प्राध्यापिका आहेत. त्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर सलग ३ तास बसवतात. जॉन सिंगलटन कॉपली या अमेरिकी चित्रकाराचं १७६५ सालचं एक चित्र आहे: एक मुलगा, त्याच्या हातात साखळी, साखळीला बांधलेली उडती खार, शेजारी पाण्याचा पेला. बाईंनी स्वतः घड्याळ लावून ते पाहिलं. मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटाकडच्या केसाळ कडेशी जुळतो, हे लक्षात यायला त्यांना ९ मिनिटं लागली. साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर खालच्या पेल्याच्या रुंदीएवढंच आहे, हे २१ मिनिटांनी कळलं. ज्यांचा जन्म चित्रं पाहण्यात गेला त्यांची ही गत, तर तू दीड मिनिटात ‘पाहून झालं’ कसं म्हणतोस?

कंटाळा येणारच. पहिल्या काही मिनिटांत ठळक गोष्टी संपतात आणि मग हात मोबाइलकडे जातो. तेव्हा वहीत एक चौकट आखायची आणि चित्रातली प्रत्येक नजर बाणाने दाखवायची. नंतर उजेड कुठून येतोय ते. मग चारही कडांवर काय काय कापलं गेलंय ते. चित्रकला येण्याची गरज नाही, रेघोट्या पुरेत.

वर्गात दाखवतात त्या स्लाइडखालची ओळ – नाव, साल, माध्यम, मोजमाप – तू परीक्षेपुरती घोकतोस. मीही ती घोकंपट्टी वाईट म्हणणार नाही, पण त्या ओळीतली प्रत्येक नोंद चित्राशी ताडून पाहा. डच चित्रकार रेम्ब्राँचं १६४२ सालचं ‘नाइट वॉच’, म्हणजे ‘रात्रीचा पहारा’, घे. पिवळ्या अंगरख्यातल्या लेफ्टनंटच्या पोटाजवळ नीट बघ: कॅप्टनने पुढे केलेल्या हाताची सावली तिथे पडलीय, बोटं ओळखू यावीत इतकी स्पष्ट. एवढ्या लख्ख उजेडात रात्र कुठली? चित्रावरचं व्हार्निश काळवंडलं आणि लोकांनी नंतर ते नाव पाडलं. आता मोजमाप. १७१५ मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवलं, तेव्हा ठरलेल्या जागी बसेना म्हणून चारही बाजूंनी कापलं, डावीकडून सर्वांत जास्त. मूळ रचनेत कॅप्टन आणि लेफ्टनंट मध्याच्या उजवीकडे होते. ‘रेम्ब्राँने दोघांना मधोमध उभं केलं’ असं कुणी लिहिलं, तर ते श्रेय कात्री चालवणाऱ्याला जातं. कापण्याआधीची एक छोटी नक्कल शिल्लक आहे, म्हणून हे कळतं. ती शोधून शेजारी ठेव आणि बघ.

स्लाइडवर विसंबू नकोस, हे मात्र मॅडम सांगोत न सांगोत, मी सांगतो. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व आपल्याला पुस्तकात एकटा भेटतो, बहुधा छातीपर्यंतच. प्रत्यक्षात तो मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या एका बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला वज्रपाणी हा दुसरा बोधिसत्त्व, आणि आत बुद्धमूर्ती. त्याची खाली झुकलेली नजर, मानेची ती कलती ठेवण हे सगळं त्या वाटेने आत जाणाऱ्याच्या संदर्भात वाचायचं. स्लाइडने वाटच कापून टाकली, तर आपण उरलेल्या चेहऱ्यावर ‘करुणा’ लिहून मोकळे होतो.

अभ्यासक्रमातल्या यादीत स्त्री चित्रकार जवळजवळ नाहीत, हा तुझा मुद्दा बरोबर आहे. तो वर्गात मांड, पण यादीच्या पुराव्यानिशी, नुसत्या रागाने नको. एक उदाहरण देतो. यूडिट लाइस्टर ही १७ व्या शतकातली डच चित्रकार. तिची चित्रं पुढे फ्रान्स हाल्स या त्याच काळातल्या डच चित्रकाराच्या नावावर खपत राहिली. १८९३ मध्ये कॉर्नेलिस हॉफस्टेडे दे ग्रोट या अभ्यासकाने हाल्सचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका चित्रावरची (ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे) सही नीट पाहिली: तिची आद्याक्षरं, आणि त्यांना जोडलेला एक तारा. मग एकेक करत तिची चित्रं तिच्या नावावर परत आली. सही सगळा वेळ चित्रावरच होती.

परीक्षेचं थोडक्यात. दोन चित्रांची तुलना आली की आधी साम्य लिहून घे, फरक नंतर. साम्य हाती असलं की फरकाला वजन येतं. सालात दोन-चार वर्षं इकडेतिकडे झाली तर जीव काढू नकोस.

आणि मॅडमना जाऊन भेट. त्या आपलं मत लादतात असं तू म्हणतोस. मला तुझ्या पत्रातून तसं दिसत नाही, पण वर्गात तू असतोस, मी नाही. भेटायला जाताना निबंध घरीच ठेव, त्या चित्राची चांगली छापील प्रत ने. गुणांचा विषय सुरुवातीलाच काढलास तर पुढे दुसरं काही बोलणं होणार नाही. प्रत टेबलावर ठेव आणि तुमचं मत जिथे जुळत नाही, त्या जागेवर बोट ठेवून विचार. त्या काय म्हणाल्या ते कळव. चित्राचा फोटोही पाठव, मला ते मागचं दार बघायचंय.

कळावे.