पहिल्या महिन्यात टेबल सोपंच घे

भावा, क्यूनं (लांब काठीनं) बॉल पाडायचा खेळ शिकतोयस, तर सुरुवात १२ फुटी स्नूकर टेबलावर करू नकोस. तिथला बॉल ५२.५ मिमीचा, पॉकेट (बॉल पडायचं भोक) जेमतेम साडेतीन इंची आणि कडा गोलाकार. जरा तिरपा बॉल आत जाता जाता बाहेर येतो. तासभर काहीच पडलं नाही की माणूस स्वतःलाच दोष देतो अन् क्लब सोडतो. लातूर असो की नांदेड, ७ किंवा ८ फुटी पूलचं (स्नूकरसारखाच, पण लहान टेबलावरचा खेळ) टेबल माग. बॉल ५७.१५ मिमीचा, कोपऱ्याचं पॉकेट साडेचार इंच किंवा थोडं जास्त. पाच इंचांवर गेलेलं मात्र नको, तिथं वाकडा नेमही खपतो.

क्यू घेताना टेबलावर आडवा ठेवून लोळव. टोक वरखाली नाचलं तर तो वाकलाय, दुसरा घे. टिप, म्हणजे टोकाची चामड्याची टोपी, १२-१३ मिमीची हवी. ती चपटी, चकचकीत झाली असेल तर खडू धरत नाही, मग मिसक्यू होतो, म्हणजे टिप बॉलवरून निसटते. मालकाला सांग, पॉलिश पेपरनं खरबरीत करून थोडा गोलावा द्यायला. खडू दर शॉटआधी, हलक्या हातानं.

मग एक बॉल कुशनला (टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला) समांतर, अगदी हळू सोड. शेवटी एका बाजूला वळला तर टेबल तिरकं आहे. तिथं पैसे घालवू नकोस.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात धूळ बॉलवर बसते. मळका बॉल दुसऱ्याला क्षणभर चिकटतो अन् ठरलेल्या रेषेतून सरकतो. खेळण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसून घे. पावसाळ्यात कापड दमट, म्हणून बॉल लवकर थांबतो. थोडा जोर वाढव.