पहिल्यांदाच कॉम्प्युटर असेंबल करतोय. सुटे भाग एकमेकांशी जुळतील याची खात्री कशी करू?

तुम्ही दिलेली यादी अशी: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, भावाच्या जुन्या कॉम्प्युटरमधली १६ जीबी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड आणि जुन्या कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). मदरबोर्ड (ज्यावर हे सगळे भाग जोडले जातात तो बोर्ड) अजून ठरलेला नाही, काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं आणि थोडं गेमिंगचं.

यातली एक जोडी जमणारच नाही. ७६०० हा एएम५ सॉकेटचा प्रोसेसर; सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा. हे सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. दोन्ही प्रकारच्या रॅमला २८८ पिनाच असतात, लांबीही सारखीच दिसते. पण मधली खाच थोडी सरकलेली असते. त्यामुळे पट्टी स्लॉटमध्ये उतरत नाही. अशा वेळी कृपा करून जोर लावू नका, स्लॉट तुटतो.

रॅम वाचवायचीच असेल तर एएम४ सॉकेटचा रायझन ५ ५६०० घ्या, नाहीतर इंटेलचा आय५ १२४००. इंटेलच्या त्या सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, तेव्हा कुठला हातात पडतोय ते खोक्यावर वाचून घ्या. माझं मत विचाराल तर ब्लेंडरला १६ जीबी तशीही लवकरच अपुरी पडेल, आणि एएम५ला किमान २०२७पर्यंत पाठिंबा देऊ असं रायझन बनवणाऱ्या एएमडीने सांगितलेलं आहे. बजेट थोडं ताणता येत असेल तर ७६००च ठेवा, एएम५ सॉकेटचा बी६५० बोर्ड घ्या आणि रॅम नवीन घ्या.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते: प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालेल असं नाही. मी ५६०० घेतला तेव्हा सोबत बी४५० बोर्ड घेतला होता. सॉकेट एकच, रॅम बरोबर. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, पण डिस्प्ले काही येईना. दोन संध्याकाळी मी रॅम काढून घालत बसलो, केबल बदलल्या. शेवटी सगळं उचलून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात नेलं. तिथल्या मुलाने माझा प्रोसेसर काढून जुन्या पिढीचा रायझन बसवला, बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेट केला, पुन्हा माझा बसवला आणि डिस्प्ले आला. बोर्ड जुन्या स्टॉकमधला होता, त्याच्या बायोसला माझ्या प्रोसेसरची ओळखच नव्हती. कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डच्या पानावर 'सीपीयू सपोर्ट' यादी होती आणि ५६००च्या पुढे बायोसची किमान आवृत्ती छापलेली होती. मी ते पान आधी उघडलंच नव्हतं.

तुमच्या ७६००ला बी६५०वर सहसा ही अडचण येत नाही. पण ऐनवेळी त्याच्या पुढच्या पिढीचा ९६००एक्स घ्यायचं ठरलं तर येऊ शकते. म्हणून बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड निवडा. त्यावर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतो.

एसएमपीएसबद्दल मी कडक बोलणार आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलेलं असेल, त्याकडे बघू नका. लेबलवर +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर आहेत ते बघा आणि त्याला १२ने गुणा. १८ अँपिअर असतील तर हातात फक्त २१६ वॉट आले. ४०६० कार्ड एकटं ११५ वॉट घेतं, ७६०० पूर्ण भारावर ८८ वॉटपर्यंत जातो. बेरीज २०३, वर बोर्ड, पंखे आणि डिस्क. म्हणजे मोकळीक उरलीच नाही. एनव्हिडियाने या कार्डसाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगितलाय. चांगल्या कंपनीचा तेवढा नवाच घ्या. जोडताना प्रोसेसरची आठ पिनांची केबल ४+४ अशी फुटते आणि कार्डची ६+२ अशी, एवढं लक्षात ठेवा. दोन्हींची तारजोडणी उलटी असते. सुट्या केबलचा एसएमपीएस असेल तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा, दुसऱ्या एसएमपीएसच्या केबलने डिस्क जळू शकते.

कॅबिनेटचं सोपं आहे: बोर्डचा आकार, कार्डची लांबी, कूलरची उंची, हे तीन आकडे मिलिमीटरमध्ये ताडून बघा. एसएसडी एम.२ (बोर्डवरच बसणारी छोटी पट्टी) असेल तर ती एनव्हीएमई प्रकारची आहे की साटा प्रकारची, आणि बोर्डचा स्लॉट कुठली घेतो, तेही बघा. पीसीपार्टपिकर या वेबसाइटवर यादी टाकलीत तर सॉकेट आणि रॅमच्या चुका लगेच दिसतात, पण घरातल्या जुन्या एसएमपीएसचं लेबल तुम्हालाच वाचावं लागेल.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बोर्डवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. मॉनिटरची केबल बोर्डला नाही, ग्राफिक कार्डला जोडा.

आणि शक्य असेल तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम एकाच दुकानातून घ्या. तिथल्याच टेबलावर जोडून मागा, डिस्प्ले आलेला डोळ्यांनी बघा आणि मगच बिल घेऊन निघा.