'अन्य भाषा' येते, मिळते की बोलतात?

मिरजेच्या एका वाचकाचा प्रश्न: आमच्या ख्रिस्ती प्रार्थनासभेत पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने 'अन्य भाषे'त, म्हणजे न शिकलेल्या भाषेत, प्रार्थना करतात आणि 'भाषा मिळाली का?' असं विचारतात. मी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा म्हणतो, पण ती आपोआप न येता मीच जुळवतोय असं वाटत राहतं. 'मला अन्य भाषा येते' असं म्हणू का? आणि 'अन्य' म्हणजे नेमकी कोणती?

आधी 'अन्य'. मिरज-सांगलीत कन्नड आणि दखनी रोज कानावर पडतात, त्यामुळे त्यांतलीच एखादी डोळ्यांपुढे येते. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे ग्लोस्सा. जीभही तीच, भाषाही तीच, उर्दूतल्या 'जबान'सारखं. प्रेषितांची कृत्ये 2:4 मध्ये ग्लोस्साला 'इतर' अशा अर्थाचं विशेषण जोडलेलं आहे, आणि पुढे ऐकणारे आपापली बोली ओळखतात. प्रेषित पौलाच्या 1 करिंथकरांस या पत्रात 14:2 मध्ये मात्र नुसतं 'ग्लोस्सा' आहे आणि ते कोणालाच समजत नाही. तिथला 'अन्य' भाषांतरात आला. 1611 च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलातही तिथे 'अनोळखी' असा शब्द वाढवलाय, पण तो मूळचा नाही म्हणून तिरप्या टाइपात छापतात. मराठीत अशी खूण नाही, म्हणून 'अन्य' पौलाचाच वाटतो.

'येते' हे क्रियापद मात्र नको. मराठीत जे शिकावं लागतं ते येतं: पोहायला येतं, कन्नड येतं. पौल 'बोलणे' आणि 'प्रार्थना करणे' म्हणतो. याच पत्रात 14:14 मध्ये आत्मा प्रार्थना करतो, बुद्धी निष्फळ राहते. म्हणून 'अन्य भाषेत प्रार्थना करतो' हे चोख. 'मिळणे' चालेल, कारण हे आत्म्याचं दान आहे आणि दान मिळतंच. पण प्रत्येकाला गाठून 'मिळाली का?' विचारणं 12:30 च्या विरुद्ध जातं. तिथल्या ग्रीक प्रश्नाची ठेवणच 'नाही' हे उत्तर धरून आहे. आपल्याकडे तो असा होईल: 'सगळे थोडेच अन्य भाषा बोलतात?'

आता शंका. भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी 1972 मध्ये दाखवलं, की अशा बोलण्यातले ध्वनी बोलणाऱ्याला माहीत असलेल्या भाषांतलेच असतात आणि तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा तोंडी ओळखीची अक्षरं येणं हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. 'मीच जुळवतोय' आणि 'बनावट' यांतही फरक आहे. 14:27-28 चा नियम पाहा: दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावं, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प बसावं. थांबणं हातात असेल तरच असा नियम घालता येतो. म्हणजे 'आपोआप' हा शब्द इथे मुळातच चुकीचा आहे. चारचौघांनी आपल्याला आत्मिक म्हणावं एवढ्यासाठी अक्षरं म्हटली, तर ते बनावट.

आणि अर्थ सांगणाऱ्याला 'दुभाषा' म्हणू नका. दुभाष्याला दोन्ही भाषा येतात. इथे अर्थ सांगणं हेही 12:10 प्रमाणे वेगळं दानच आहे, आणि 14:13 मध्ये बोलणाऱ्याने ते स्वतःसाठी मागायचं आहे.