काटा १२० ला टेकला की बरं वाटतं

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांचा, राहायला ऐरोलीत, महापेला आयटीत आहे. पगार बरा, बायको-मुलगी छान, तक्रार काहीच नाही आणि तेच खटकतं. सोमवार काय नि गुरुवार काय, सगळं सारखंच. फक्त रात्री पाम बीच रोडवर बाइक काढली आणि काटा १२० ला टेकला की वाटतं, हां, जिवंत आहोत आपण. घरी मित्राकडे जातो म्हणून सांगतो. मला वेड लागलंय का?

उत्तर: वेड नाही रे. २०१४ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, अमेरिकेतला. लोकांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं नुसतं बसवलं, ना मोबाइल ना पुस्तक, फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका. तो झटका आधी खाऊन 'हा टाळायला पैसे देऊ' म्हणालेलीच माणसं, तरी १८ पैकी १२ पुरुषांनी बटण दाबलं. (बायका २४ पैकी ६, पुढचं मी बोलत नाही.)

पण पहिल्यांदा काटा कितीवर होता तुझा? ८० ला पण मजा आली असणार, मग १००, आता १२०, सवय झाली की तेवढ्यात भागत नाही. आणि वेग ६० चा १२० झाला की ब्रेक मारल्यावर लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. मध्येच कुत्रं आलं तर?

मला विचारशील तर तुला वेग नकोच आहे, १२० ला ईएमआय, अप्रेझल काही डोक्यात शिरत नाही ना, ते हवंय. मला ते ४१ व्या वर्षी ठाण्यात ढोल पथकात मिळालं. ढोल कमरेला बांधून पहिल्याच आठवड्यात काळेनिळे वळ, बोटाचं साल गेलेलं, ताशा तडतडायला लागला की दुसरं काही सुचतच नाही, ठोका चुकला की अख्खी रांग वळून बघते. घरी आल्यावर चहाचा कप धरवत नव्हता आणि मी आपली हसतेय. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने सराव सुरू होतात, चौकशी कर. ढोल नको तर पहाटे ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात जा, पोहायला शिक, काहीही, फक्त पूर्ण लक्ष मागणारं हवं.

बायकोला मात्र आजच खरं सांग. भडकेल, भडकू दे, रात्री बाइकची चावी कोणाकडे राहणार ते मग दोघं मिळून ठरवा.